अंगात येणं, पाणाड्याचा नारळ आणि विल्यम जेम्स : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ-अमरावतीकडच्या गावांमध्ये वाचनालयात, शाळेत, कधी पारावर मी मानसशास्त्रावर बोलायला जातो. बोलण्यात गूढविद्या येते, विल्यम जेम्स हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ येतो आणि फलप्रामाण्यवादही येतो, म्हणजे कल्पनेची पारख तिच्या परिणामांवरून करणारा विचार. बोलणं संपलं की चिठ्ठ्या येतात. तेच ते प्रश्न दर वेळी नव्या अक्षरात येत असल्यानं उत्तरं एकदाची लिहून काढली. काही प्रश्न वऱ्हाडीत आले, ते तसेच ठेवलेत. प्रश्नांना क्रमांक आहेत. एका ठिकाणी सांगितलेलं दुसरीकडे परत सांगितलेलं नाही.

१. गूढविद्या म्हणजे तुम्ही नेमकं काय धरता? देवपूजा पण त्यातच का?

नाही. इथे गूढविद्या म्हणजे अंगात येणं, उतारा, गंडादोरा, करणी-भानामती, साप उतरवणं, नारळानं पाणी पाहणं (हे करणारा तो पाणाड्या), पायाळू माणसाकडून गुप्तधन शोधणं असले प्रकार, ज्यांत कोणी तरी डोळ्यांना न दिसणाऱ्या शक्तीकडून ठरलेलं काम करून घेण्याचा दावा करतो. तुळशीला पाणी घालणारी आजी असा कुठलाच दावा करत नाही. तिचा इथे संबंध नाही.

२. फलप्रामाण्यवाद म्हणजे "फायदा झाला की खरं" असंच ना?

हा गैरसमज फार जुना आहे. खुद्द अमेरिकेतही शंभर वर्षांपूर्वी यावरून भांडणं झाली.

हा विचार मुळात मांडणारा अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स पर्स यानं १८७८ मध्ये कल्पना स्पष्ट कशा कराव्यात यावर एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं असं की, एखाद्या गोष्टीबद्दलची आपली कल्पना म्हणजे तिचे जे प्रत्यक्ष परिणाम आपण धरतो, तेवढीच. वावरात गडी जसा विचारतो, "ते ठीक आहे, पण त्यानं उद्या सकाळी काय फरक पडणार?", तसाच हा प्रश्न आहे. "शेतावर बाहेरचं आहे" असं कोणी म्हणालं, तर पर्स विचारेल: बाहेरचं असलं तर पिकात काय वेगळं दिसेल? नसलं तर काय दिसेल? दोन्हीकडे सारखंच दिसणार असेल तर वाक्य पोकळ.

विल्यम जेम्सनं हाच विचार १९०७ च्या पुस्तकात लोकांपर्यंत नेला आणि थोडा सैल केला. कल्पना जगण्यात उपयोगी पडते तितकी ती खरी, अशा अर्थाचं तो लिहून गेला. पर्सला असला सैलपणा आधीपासूनच खटकत होता. १९०५ मध्येच त्यानं आपल्या मताला मुद्दाम एक कुरूप वेगळं नाव दिलं होतं, कोणी पळवू नये म्हणून. मी पर्सच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. कारण प्रश्न ८ मध्ये दिसेल.

३. अमेरिकेतल्या प्राध्यापकाचा आणि आमच्या भगताचा संबंध कुठून आला?

जेम्स (१८४२–१९१०) हार्वर्डचा प्राध्यापक. मानसशास्त्रावरचा त्याचा दोन खंडी ग्रंथ १८९० चा. जाणीव ही मण्यांची माळ नाही, ती नदीसारखी वाहते, ही कल्पना त्यात आहे. पण हाच माणूस पंचवीस वर्षं मृतात्म्यांशी बोलणाऱ्या माध्यमांच्या बैठकांना जात होता.

१८८५ च्या उन्हाळ्यात त्याचा तान्हा मुलगा हर्मन गेला. त्याच वर्षी तो बोस्टनच्या लिओनोरा पाइपर या बाईंकडे गेला. त्या डोळे मिटून समाधीत जात आणि त्यांच्या तोंडून "दुसरं कोणी" बोले. जेम्सनं नाव न सांगता माणसं पाठवून पाहिली. रिचर्ड हॉजसन नावाच्या संशोधकानं तर त्या बाहेर कोणाला भेटतात, माहिती गोळा करतात का, हे पाहायला गुप्तहेर लावले. लबाडी सापडली नाही. सगळे कावळे काळे असतात हा नियम मोडायला एक पांढरा कावळा पुरतो, आणि आपला पांढरा कावळा म्हणजे या बाई, असं जेम्स म्हणाला. (आपल्याकडे पिंडाला कावळा शिवायची वाट पाहत लोक बसतात, तेव्हा मला हटकून हे आठवतं.)

याच जेम्सची भेट १८९६ मध्ये हार्वर्डला आलेल्या विवेकानंदांशी झाली होती, आणि त्याच्या लेखनात त्यांचे उल्लेख आहेत. म्हणजे हा संबंध मी ओढूनताणून जोडलेला नाही.

४. माह्या मायच्या अंगात मंगळवारी देवी येते. गावातले पोट्टे म्हणतात थे सोंग करते. खरंच सोंग करते का?

बहुतेक नाही. हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा येतो आणि विचारणाऱ्याचा आवाज दर वेळी खाली गेलेला असतो.

माणसाला वाटतं, दोनच शक्यता: खरी देवी, नाही तर ढोंग. मधे एक मोठा प्रदेश आहे. फ्रान्सच्या पिएर जाने या मानसशास्त्रज्ञानं १८८९ मध्ये दाखवलं की मनाचा एक भाग मुख्य जाणिवेपासून सुटून स्वतंत्रपणे बोलू-वागू शकतो, आणि मुख्य "मी"ला त्याची आठवणही राहत नाही. इंग्लंडचा मायर्स म्हणत होता की जाणिवेच्या उंबरठ्याखाली आणखी एक मोठं घर आहे, आपण फक्त ओसरीवर बसलेले असतो. डफाचा ठेका, उदाचा धूर, उपास, घुमणारी मान, भोवती हात जोडलेली माणसं, हे सगळं जुळलं की उंबरठा खाली येतो. आईला नंतर काही आठवत नाही म्हणते ना? तिच्यावर विश्वास ठेवा.

आता दुसरी बाजू. देवी जे बोलते ते कुठून येतं? जेम्सनं १८९० च्या ग्रंथातच एक मार्मिक गोष्ट नोंदवली आहे. तिकडे निरोप कोणत्याही माध्यमाच्या तोंडून येवोत, त्यांतले अर्ध्याहून जास्त एकाच लेखकानं लिहिल्यासारखे वाटतात. तो काळ, तो समाज त्यांच्यातून बोलतो. आपल्याकडेही देवी वऱ्हाडीतच बोलते. कोंबडं मागते, लुगडं मागते, सुनेनं उंबरठा कसा ओलांडला ते सांगते. तिला कापसाचा भाव माहीत असतो, परदेशातलं काही माहीत नसतं.

आणि एक, जे पोट्ट्यांना कळत नाही. सहा दिवस जिचं घरात कोणी ऐकत नाही, तिच्यापुढे सातव्या दिवशी सासरा हात जोडून उभा राहतो. एका गावात देवीनं भर मांडवात सांगितलं, "या घरातली दारू बंद झाली पायजे." ती बंद झाली, निदान पोळ्यापर्यंत तरी. सोंग म्हणून ते उडवून लावलं असतं तर त्या बाईचं एकुलतं व्यासपीठ गेलं असतं. म्हणून मी आईला घुमू नको असं सांगणार नाही. मंगळवारी ती काय मागते ते बुधवारी, साध्या आवाजात, तिला विचारा.

तिला त्रास होत असेल, तर प्रश्न १३ पाहा.

५. पाणाड्याच्या हातावरचा नारळ आपोआप उभा राह्यते. म्या सोता पाह्यलं. आता बोला.

तुम्ही पाहिलं ते खरं आहे. नारळ उभा राहतोच. "आपोआप" या शब्दावर मात्र बोलू.

शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं दोऱ्याला टांगलेला लोलक हातात धरून पाहिला आणि काय दिसलं ते १८३३ मध्ये छापलं. पाऱ्यावर धरला की तो झुलायचा. डोळे बांधल्यावर आणि पाऱ्यावर काच केव्हा सरकवली ते न कळता पाहिलं, तर खेळ संपला. १८५३ मध्ये फॅरेडेनं, विजेच्या शोधांमुळे माहीत असलेल्या त्याच फॅरेडेनं, "भुतानं हलणारं" टेबल तपासलं. हात आणि टेबल यांच्यामध्ये पुठ्ठ्याचे थर मऊ डिंकानं चिकटवून ठेवले. टेबल आधी सरकलं असतं तर खालचा थर पुढे गेला असता. गेला वरचा. म्हणजे हात आधी हलला होता, आणि हातवाले शपथेवर सांगत होते की आम्ही ढकललं नाही. खोटं कोणीच बोलत नव्हतं. मनात कल्पना आली की स्नायू बारीकसे हलतात, आणि मालकाला पत्ता लागत नाही. पाणाड्याच्या तळहाताचं तेच.

मग पाणी लागतं ते कसं? दोन कारणं. एक, पश्चिम विदर्भात खाली काळा पाषाण आहे. त्याच्या वरच्या मुरमात आणि भेगांत बऱ्याच ठिकाणी थोडंफार पाणी असतंच, त्यामुळे विहीर अगदीच कोरडी निघणं कठीण. बोअरला मात्र नेमकी भेग सापडावी लागते. दुसरं कारण मला जास्त आवडतं. पर्स आणि त्याचा विद्यार्थी जास्ट्रो यांनी १८८४ मध्ये एक प्रयोग केला. बोटावर किंचित कमी-जास्त दाब द्यायचा आणि कोणता जास्त ते विचारायचं. क्रम पत्ते पिसून ठरवला, म्हणजे मनाची चलाखी चालू नये. फरक इतका बारीक ठेवला की "मला काही कळत नाही, नुसता अंदाज मारतोय" असंच वाटावं. तरीही अंदाज नशिबापेक्षा जास्त बरोबर आले. म्हणजे माणसाला आपल्याला कळतंय हे न कळताही कळू शकतं. मनकवडेपणाचे काही अनुभव यातूनच येत असावेत, असं त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं.

तुमचा पाणाड्या चाळीस वर्षं शिवार तुडवतोय. उंबर कुठे हिरवा राहतो, वारूळ कुठे आहे, नाला कुठून वळतो हे त्याच्या पायांना ठाऊक आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत झाडं आणि वारुळं पाहून पाणी ओळखण्यावर एक अख्खा अध्याय आहे. ज्ञान त्याच्या डोळ्यांत आहे, श्रेय नारळाला जातं.

तपासायचं असेल तर त्याचे डोळे बांधा, वावरात फिरवा, नारळ उभा राहील तिथे खुंट्या ठोका. परत दुसऱ्या बाजूनं आणा. खुंट्या त्याच जागी पडतात का पाहा. खर्च शून्य. बोअरला लाखाच्या आसपास जातात, तेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणच्या भूजल सर्वेक्षण कार्यालयातही एक चक्कर मारा.

६. तुम्ही देव मानता का?

हा प्रश्न चिठ्ठीत नेहमी असतो. उत्तरानं वरच्या किंवा खालच्या एकाही उत्तरात फरक पडत नाही, म्हणून देत नाही.

७. गंडा बांधला आणि पोराचा अभ्यास सुधारला. मग गंडा खराच ना?

इथे जेम्स तुमच्या बाजूनं उभा राहील, निदान अर्धा. १८९६ च्या एका व्याख्यानात त्यानं सांगितलं की काही गोष्टी अशा असतात जिथे विश्वासच परिणाम घडवतो. डोंगरात दरीवरून उडी मारायची वेळ आली, तर "मी पोचणार" असं वाटणाऱ्याचे पाय घट्ट पडतात. परीक्षेची धडकी, बोलताना अडखळणं, झोप न येणं, इथे विश्वास हे औषधाचं काम करतो. गंडा बांधल्यावर आईनं रोज "अभ्यास कर" म्हणून टोकणं थांबवलं असेल, त्याचाही वाटा धरा.

पण यातून दोऱ्यात शक्ती आहे असं निघत नाही. शेजारच्या मुलानं त्याच भगताचा गंडा बांधून नापास होऊन दाखवलं असेल, त्याची चर्चा पारावर होत नाही. आणि ज्या विश्वासानं हुरूप येतो त्याच विश्वासानं धसकाही बसतो. "गंडा तुटला" म्हणून तापानं फणफणलेली मुलं मी पाहिली आहेत. विश्वासाचा उपयोग कुठपर्यंत, ते पुढच्या उत्तरात.

८. आमच्या गावचा मांत्रिक साप उतरवते. दहातले आठ वाचतात. मंग दवाखान्यात कायले जा?

हे उत्तर घाईनं वाचू नका.

धरून चालू की दहातले आठ खरंच वाचतात. धामण, दिवड, कवड्या, तस्कर हे बिनविषारी साप आपल्या शिवारात भरपूर आहेत. अंधारात चावलेला साप कोणी ओळखत बसत नाही. शिवाय विषारी साप प्रत्येक वेळी पुरतं विष सोडतोच असं नाही. कधी दात लागतात, विष उतरत नाही. तेव्हा ते आठ जण मांत्रिकाकडे न जाता घरी चहा पीत बसले असते तरी वाचले असते. मांत्रिकाचा कस लागतो तो उरलेल्या दोघांवर, आणि ते दोघं "उशिरा आणलं" या सदरात जातात. म्हणजे वाचला तर मंत्रानं, गेला तर नातेवाइकांच्या चुकीनं. पर्सचा प्रश्न इथे लावा: मंत्र खोटा असता तर वेगळं काय दिसलं असतं? काहीच नाही. दहातले आठच वाचले असते.

जेम्सचा सैलपणा इथेच महागात पडतो. डोंगरावरची उडी तुमच्या स्नायूंवर अवलंबून आहे, स्नायू तुमच्या मनाचं ऐकतात. मण्यारीचं विष ऐकत नाही. ते नसा आणि स्नायू यांच्यातला निरोप तोडतं. मण्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. अनेकदा दुखत नाही, सूज नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, मग श्वास थांबतो. "काही झालं नाही, मंत्रानं उतरलं" असं वाटण्याचे जे तास असतात, तेच उपचाराचे तास असतात.

आपल्याकडचं प्रतिविषाचं इंजेक्शन चार सापांवर चालतं: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. कोणता चावला ते माहीत नसलं तरी हरकत नाही. चावलेला हात-पाय फळी बांधून स्थिर ठेवा. आवळपट्टी नको, चिरा नको, विष चोखणं नको. १०८ ला फोन करा किंवा मोटरसायकलवर दोघांच्या मधे बसवून ग्रामीण रुग्णालय गाठा. मांत्रिकाला यायचंच असेल तर त्याला गाडीत घ्या, वाटेत म्हणू दे मंत्र. हे मी गमतीनं लिहिलेलं नाही. एका गावी असंच ठरलंय आणि नीट चाललंय.

९. रात्री जाग येते, पण हात हलत नाही. छातीवर कोणी तरी बसलेलं असतं. हडळ का?

स्वप्न पडतात त्या झोपेत मेंदू शरीराचे स्नायू जवळजवळ बंद ठेवतो, नाही तर आपण स्वप्नात धावता धावता खाटेवरून पडलो असतो. कधी जाणीव आधी जागी होते आणि स्नायू मागाहून. त्या मधल्या मिनिटात स्वप्न उघड्या डोळ्यांपुढे चालू राहतं. उताणं झोपणं, अपुरी झोप, रात्रीची ओलिताची पाळी, यांनी हे वाढतं. करंगळी हलवायचा प्रयत्न करा, सुटतं. वारंवार झालं तर डॉक्टरांना दाखवा.

१०. घरातली तिन्ही लेकरं एकामागून एक दुखण्यात पडतात. हाडं दुखतात, डोळे पिवळे होतात. भगत म्हणतो घरावर करणी हाय.

लेकरांची सिकलसेलची तपासणी करा. आजच.

विदर्भात हा आजार बराच आहे. आई आणि वडील दोघांकडून दोष आला की मुलाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नळ्यांत अडकतात, आणि हाडांत असह्य कळा येतात. आई-बाप स्वतः धडधाकट असतात. एकाच घरात, पोरांमागून पोरं, मधे बरं आणि परत अचानक. "घरावर कोणी तरी केलंय" याचं वर्णन यापेक्षा वेगळं काय असतं? सरकारी दवाखान्यात साधी रक्तचाचणी होते, पक्कं करायला पुढची चाचणी असते. आजार मुळातून सहज जात नाही, पण गोळ्या, भरपूर पाणी आणि वेळेवर उपचार यांनी कळा कमी होतात.

करणीचं निदान झालं की पुढचा प्रश्न "कोणी केली?" हा असतो, आणि बोट बहुतेक वेळा गावातल्या एकट्या म्हातारीकडे जातं. तिथून पुढे कायदा लागतो (प्रश्न १२).

११. आम्ही बौद्ध. आमच्याकडे हे काही नाही. तरी तुम्ही बाबासाहेबांचं नाव यात का आणता?

कारण फलप्रामाण्यवाद विदर्भात त्यांच्या वाटेनं आला. बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात होते, आणि तिथे जॉन ड्युई त्यांचे शिक्षक होते. जेम्स-पर्सनंतरचं या विचारातलं सर्वांत मोठं नाव. १९३६ च्या जातिनिर्मूलनावरच्या (लिहिलेल्या, पण प्रत्यक्ष न झालेल्या) भाषणात बाबासाहेबांनी ड्युईंचं ऋण स्पष्ट शब्दांत मानलं आहे. त्याच भाषणात नियम आणि तत्त्व यांत त्यांनी फरक केला: नियम म्हणजे ठरवून दिलेली सवय, तत्त्व म्हणजे पारखण्याची पद्धत. उतारा कोणत्या तिकाटण्यावर टाकायचा, हा नियम. तो का टाकायचा, हे विचारायचा अधिकार तत्त्वातून येतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध-पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. पांढरा असो की काळा, कावळ्याचा प्रश्नच मिटला.

आणि "आमच्याकडे हे काही नाही" म्हणता, तर घरी जाऊन गाडीच्या बंपरला लिंबू-मिरची आहे का ते पाहून या.

१२. अंगात आणणं गुन्हा आहे का? माझ्या आईला पोलीस नेतील?

नुसतं अंगात येणं गुन्हा नाही. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा. अंगात दैवी शक्ती आल्याचं भासवून लोकांना भीती दाखवणं, अमुक माणूस करणी करतो असं जाहीर करून त्याचं जगणं अवघड करणं, भूत उतरवायला मारहाण करणं, साप-विंचू-कुत्रा चावल्यावर डॉक्टरी उपचार अडवून गंडादोरा करणं, हे गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच हजार ते पन्नास हजार. कीर्तन, वारी, प्रदक्षिणा, घरची पूजा यांना हा कायदा हात लावत नाही. लेकरांच्या पोटावर तापलेल्या विळ्याचे चटके देणाऱ्यांना तो ठाऊक असायला हवा. मेळघाटात अजून तशी पोटं दिसतात.

१३. अंगात येणं हा आजार कधी समजायचा?

मंगळवारी, मांडवात, ठेका सुरू झाल्यावर येते आणि आरतीनंतर जाते, तोवर समाज त्याला जागा देतो आणि मानसोपचारही त्याला आजार म्हणत नाही. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात अट हीच आहे की ते नको असताना यावं, समाजमान्य विधीबाहेर यावं आणि माणसाला त्रास व्हावा. चुलीपुढे, वावरात, बसमध्ये येऊ लागलं, बाई घाबरू लागली, की डॉक्टर.

दोन अपवाद घाईचे. जीभ चावली, फेस आला, कपड्यात लघवी झाली तर ती मिरगी असू शकते. आणि फवारणी करून आलेला गडी बडबडायला लागला, घामानं निथळतोय, लाळ गळतेय, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्यात, तर ती विषबाधा आहे. उदबत्ती लावू नका. कपडे काढा, साबणानं धुवा, फवारणीच्या औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखाना.

१४. जेम्सला पंचवीस वर्षांत काय सापडलं?

१९०९ मध्ये, मरणाच्या आदल्या वर्षी, त्यानं कबूल केलं की सिद्धान्ताच्या बाबतीत आपण सुरुवातीला होतो तिथेच आहोत. मला हे वाक्य त्याच्या सगळ्या पुस्तकांहून जवळचं वाटतं. त्याला सापडलं ते माणसाचं मन: जागेपणीची जाणीव ही जाणिवेच्या अनेक तऱ्हांपैकी एक आहे, हे त्यानं धार्मिक अनुभवांवरच्या १९०२ च्या ग्रंथात मांडलं, तेही स्वतः नायट्रस ऑक्साइडचा वायू हुंगून पाहिल्यावर.

१५. मला स्वप्नात पुढचं दिसतं. हसू नका. कसं तपासू?

हसत नाही. उशाशी वही ठेवा. उठल्या उठल्या, घरात कोणाशी बोलायच्या आधी, स्वप्न तारीख घालून लिहा. शब्द बदलायचे नाहीत, पान फाडायचं नाही. जुळलेलं आणि न जुळलेलं दोन्ही मोजायचं, आणि "जुळलं" म्हणजे काय ते आधीच लिहून ठेवायचं. जुळलेल्यापुढे एक जादा ओळ लिहा: हे मला जागेपणी आधीच माहीत असू शकत होतं का? (त्या ओळीचं कारण प्रश्न ५ मध्ये आहे.)

बारावीतल्या एका मुलीनं अशी वही पावसाळाभर ठेवली. एक स्वप्न नेमकं जुळलं: पाडी झाली, कपाळावर पांढरा टिळा. जादा ओळीत तिनं लिहिलं होतं, "गाय गाभण होती हे माहीत होतं. वळूच्या कपाळावर पण टिळा आहे."